पलतडी

त्या बाईने हात हलवला नाही, एवढीच गोष्ट. ती कुणाला सांगावी असं तेव्हा वाटलंही नव्हतं. ऑक्टोबरची ३१ तारीख, लेकीच्या शाळेला शरदातली सुट्टी, नवऱ्याने एका दिवसाची रजा काढलेली, आणि एर्लांगनहून दीडेक तास उत्तरेला गाडी हाकत आम्ही म्योडलारॉइट नावाच्या खेड्यात पोचलो होतो. हवेत ओल, बोटं खिशातून बाहेर काढू नयेत अशी थंडी, आणि कुठल्यातरी धुराड्यातून येणारा ओलसर लाकडाचा वास. गावाच्या मधून एक ओढा जातो. पलीकडच्या एका परसात सफरचंदाच्या झाडाखाली एक म्हातारी बाई वाकून गळलेली सफरचंदं निळ्या बादलीत टाकत होती. एकेक फळ उचलायचं, फिरवून बघायचं, किडकं निघालं तर कुंपणाशी भिरकावायचं. आमची लेक तेव्हा सात वर्षांची. जाणाऱ्या आगगाडीला करावा तसा तिने त्या बाईला हात केला. दोन्ही हातांनी, टाचा उंचावून. बाई सरळ झाली, कमरेवर हात ठेवून आमच्याकडे पाहिलं, मग बादली उचलली आणि आत निघून गेली.

"आई, मी दिसले नाही का तिला?"

"नसशील दिसली," मी म्हटलं.

दिसली होती.

हे गाव नकाशात शोधायचं तर बव्हेरियाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या होफ शहरावर बोट ठेवायचं आणि ते नखभर वर सरकवायचं. उंचावरचा उघडाबोडका मुलूख. वारा अडवायला काही नाही. या पट्ट्याला जर्मन लोक थट्टेने 'बव्हेरियाचा सायबेरिया' म्हणतात, आणि ऑक्टोबरअखेर गाडीचं दार उघडलं की थट्टा कळते. काळ्या पाटीच्या दगडाची छपरं, मका कापून उरलेले खुंट, ओळीने रचलेली सरपणाची रास, शेतात नुकत्याच सोडलेल्या शेणपाण्याचा नाकात बसणारा दर्प. नावाच्या शेवटी जे 'रॉइट' आहे त्याचा अर्थ जंगल तोडून मोकळी केलेली जमीन. बायरॉइटमध्येही तोच. म्हणजे कोणे एके काळी इथे चार माणसांनी कुऱ्हाडी घेऊन झाडं पाडली, नांगर घातला आणि वस्ती केली. आज वस्तीत जेमतेम चाळीस-पन्नास माणसं असतील. दुकान दिसलं नाही. मधे एक तळं, त्यात चार बदकं. आणि तो ओढा. नाव टानबाख. नदी म्हणायची त्याची लायकी नाही. कोकणात याला आम्ही व्हाळ म्हटलं असतं, तोही उन्हाळ्यात आटणारा. एक ढांग टाकली की माणूस पलीकडे.

ढांग टाकली की माणूस दुसऱ्या राज्यात. ओढ्याच्या दक्षिणेचं अर्धं गाव बव्हेरियात, हजारेक वस्तीच्या ट्योपन ग्रामपंचायतीत. उत्तरेचं अर्धं थुरिंगियात, गेफेल नावाच्या छोट्या शहराच्या हद्दीत. चाळीस-पन्नास माणसांना दोन महापौर, दोन जिल्हे, दोन पिनकोड. एकाची सुरुवात ९५ ने, दुसऱ्याची ०७ ने. इकडच्या गाड्यांवर होफची पाटी, तिकडच्या गाड्यांवर दुसऱ्याच जिल्ह्याची. इकडे लोक 'ग्र्यूस गॉट' म्हणतात आणि तिकडे 'गुटन टाग', असंही या गावाबद्दल जो तो सांगतो. आम्हाला दोन्हीकडे नुसतं 'हालो' मिळालं, पण ते असो.

ओढ्याची हद्द काही काल-परवाची नाही. १८१० साली इथे दगड रोवले गेले. एका अंगाला बव्हेरियाच्या राजाची अक्षरं, दुसऱ्या अंगाला रॉइस संस्थानाची. संस्थान हा आपला शब्द इथे फिट्ट बसतो. सांगली-मिरजेच्या पटवर्धनी हद्दी जशा कुणाच्या बांधावरून, कुणाच्या विहिरीला वळसा घालून जायच्या, तसाच प्रकार. आणि गावाला त्याचं काडीचं सोयरसुतक नव्हतं. शाळा आणि गुत्ता दोन्ही थुरिंगियाच्या बाजूला, चर्च बव्हेरियाच्या बाजूला ट्योपनमध्ये. म्हणजे पोरं सकाळी पलीकडे, बाप्ये संध्याकाळी पलीकडे, आणि रविवारी सकाळी सगळे मिळून अलीकडे. शंभरावर वर्षं त्या ओढ्याला हद्द म्हणून कोणी मोजलं असेल असं वाटत नाही. बायका त्यात पाय बुडवत असतील, गुरं पाणी पीत असतील.

मग १९४५ साली विजेत्यांनी नकाशा पसरला. ओढ्याच्या बव्हेरियाच्या बाजूला अमेरिकन, थुरिंगियाच्या बाजूला रशियन. चार वर्षांनी दोन देशच झाले. तरीही पास दाखवून ये-जा चालू होती. ती मोडली १९५२ च्या मे महिन्यात. पूर्व जर्मनीने हद्दीलगतचा १० मीटरचा पट्टा नांगरून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे पाऊल उमटलं तर दिसावं. त्यामागे ५०० मीटरचा पट्टा, त्यामागे ५ किलोमीटरचा, आणि त्यात राहायचं किंवा शिरायचं तर सरकारी परवाना. ज्यांचा भरवसा वाटत नव्हता अशा हजारो माणसांना हद्दीलगतच्या गावांतून उचलून आतल्या भागात नेऊन टाकलं. या मोहिमेला फायलीत नाव होतं 'उंगत्सीफर'. उंगत्सीफर म्हणजे ढेकूण-झुरळं, घरातली कीड. जर्मन शिकताना हा शब्द मला पहिल्यांदा स्वयंपाकघरातल्या औषधाच्या डब्यावर भेटला होता.

म्योडलारॉइटमध्ये आधी लाकडी फळ्यांचं पुरुषभर कुंपण आलं, मग काटेरी तार, आणि १९६६ मध्ये काँक्रीटची भिंत. ७०० मीटर लांब, दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तर डोकं वर निघावं इतकी उंच. रात्री दिव्यांचा लख्ख उजेड. बर्लिनची भिंत एका महानगरातून जात होती, तिला निदान प्रेक्षक होते. इथे तळं, बदकं, धान्याची कोठारं आणि मधे ही पांढरट वस्तू. अमेरिकन लोक गावाला 'लिटल बर्लिन' म्हणू लागले. १९८३ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे उपाध्यक्ष बुश, म्हणजे थोरले बुश, येऊन बघून गेले. बव्हेरियाच्या बाजूने बसगाड्या भरभरून पाहुणे यायचे, ओढ्यापर्यंत जायचे, माना उंचावून पलीकडे बघायचे. पूर्वेच्या बाजूला सख्ख्या भावालाही परवान्याशिवाय यायला बंदी. आणि त्या बाजूच्या रहिवाशांना आणखी एक मनाई होती. पलीकडे बघून हात हलवायचा नाही. नमस्कार करायचा नाही. इकडून कोणी हात केला तरी उत्तर द्यायचं नाही.

हे मी गावातल्या संग्रहालयात ऐकलं तेव्हा लेकीने हात केला त्याला तासही झाला नव्हता.

झालं, माझ्या डोक्याने घेतलं ना ते. त्या बाईला सत्तरीची धरली तर भिंत उभी राहिली तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची असणार. ज्या वयात शेजारणीला खिडकीतून खुणा करायच्या त्या वयात हिला शिकवलं गेलं असणार की हात खाली ठेव. आणि ती सवय हाडात उतरली असणार, इतकी की ओढ्याच्या त्या बाजूला एक अनोळखी पोरगी उड्या मारत हात हलवते तेव्हा हिचा हात बादलीच्या दांडीवरच राहतो. केवढी सुरेख गोष्ट! परतीच्या वाटेवर, होफच्या अलीकडे, मी ती नवऱ्याला सांगून टाकली. त्याने इंडिकेटर दिला, लेन बदलली आणि म्हणाला, "किंवा तिला तपकिरी माणसं परसाशी उभी राहिलेली आवडली नसतील." मागच्या सीटवर लेक झोपली होती, म्हणून तो मराठीतसुद्धा हळू बोलला.

खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी तेच आलं होतं. बाई सरळ झाली आणि तिने पाहिलं, त्या क्षणी मी नकळत लेकीच्या खांद्यावर हात ठेवला होता. इथे राहणाऱ्या आपल्या लोकांना तो हात माहीत आहे. निवडणुकीच्या रात्री टीव्हीवर, परदेशी माणसं नकोत म्हणणाऱ्यांच्या मतांनी नकाशा रंगतो तेव्हा ती जुनी सीमा पुन्हा उमटून येते, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात आपण कॉफीच्या मशीनपाशी हवापाण्याच्या गप्पा मारतो. मग संग्रहालयात हात हलवण्यावरची बंदी कळली आणि मी ती झडप घालून उचलली. त्या कारणात आम्ही कुठे नव्हतोच. ते मोठं होतं, जुनं होतं, दुःखाचं होतं, आणि त्यात माझी लेक नुसती एक उड्या मारणारी पोरगी होती. तिसरी शक्यता अशी की बाई पाच वर्षांपूर्वी लाइपझिगहून इथे राहायला आली, तिला भिंतीशी काही देणंघेणं नाही, आणि तिचं दूध उतू जात होतं.

नवरा म्हणाला, "चौथी म्हणजे दिवसाला शंभर टूरिस्ट हात करत असतील तर तूही आत गेली असतीस." ही मात्र पटण्यासारखी होती आणि म्हणून मला अजिबात आवडली नाही.

माझी आजी आरोंद्याची, म्हणजे लग्न होऊन आरोंद्याची. समोर तेरेखोलची खाडी, आणि खाडीच्या त्या काठावर किरणपाणी, पेडणे महाल. तिचं माहेर तिथलं. मालवणीत आणि कोंकणीत त्या काठाला पलतड म्हणतात. आजीच्या बोलण्यात हा शब्द दिवसातून दहादा यायचा. "माझा म्हायार पलतडी." लहानपणी मला वाटायचं पलतड हे गावाचंच नाव आहे. ती लग्न होऊन आली तेव्हा तो काठ पोर्तुगिजांचा होता, पण होडीवाला ओळखीचा असला की झालं. मग १९५५ चा पंधरा ऑगस्ट. पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, हद्द आवळली गेली, परवाना मिळवणं मुश्कील झालं. तिची आई त्याच काळात गेली. निरोप आला तो तिसऱ्या दिवशी, आणि तोही नारळाच्या होडीतून चोरून आलेल्या माणसाकडून. आजी रडली वगैरे कधी सांगायची नाही. सांगायची ते एवढंच, की संध्याकाळी काठावर गेलं की "पलतडीचे दिवे दिसायचे, पण जावक गावायचा नाय." १९ डिसेंबर १९६१ नंतर ती माहेरी गेली ती कडेवर माझ्या मामाला घेऊन, आणि पोचल्यावर घराची पडवी लहान कशी झाली म्हणून भावाशी भांडली. आता आरोंद्याची पोरं पेट्रोल स्वस्त मिळतं म्हणून पलतडी जातात.

जर्मनमध्ये पलतडीला 'द्र्यूबन' म्हणतात. हा शोध मला भाषेच्या वर्गात लागला नाही. तिथे द्र्यूबन म्हणजे 'तिकडे, पलीकडे', रस्त्याच्या पलीकडचं पोस्ट ऑफिस, असं शिकवतात. ऑफिसातल्या एका वयस्क सहकाऱ्याने एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं की त्याच्या लहानपणी, पूर्वेत, हा शब्द आई आवाज खाली करून उच्चारायची. द्र्यूबन म्हणजे ते दुसरं जर्मनी. मावशी द्र्यूबन असते. द्र्यूबनहून नाताळला पार्सल येतं आणि खोकं उघडताच घरभर कॉफीचा, साबणाचा आणि चॉकलेटचा मिळून एक वास पसरतो. त्याची बायको पश्चिमेतली. तिच्याही घरात हाच शब्द, हाच दबका आवाज, फक्त बोट उलट दिशेला. तो म्हणाला, लग्नानंतर कित्येक वर्षं आमच्या घरात कोणी रस्त्यापलीकडच्या बेकरीलासुद्धा द्र्यूबन म्हटलं की आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसायचो.

त्या गावात भिंतीवरून एकच माणूस निसटला. १९७३ च्या मे महिन्यात. गाडी भिंतीशी आणली, शिडी लावली, चढला आणि उडी मारून ओढ्याच्या या बाजूला. बाकी सगळ्यांनी वाट पाहिली. आणि वाट संपतानाही गावाच्या वाट्याला उशीरच आला. बर्लिनच्या भिंतीवर लोक नाचले ती रात्र ९ नोव्हेंबरची. म्योडलारॉइटची भिंत त्यानंतर महिनाभर तशीच बंद होती. जग शॅम्पेन उडवून झोपी गेलं, आणि इथे शेजाऱ्याकडे जायचं तर लांबून कुठल्या तरी मोठ्या नाक्यावरून वळसा. शेवटी ९ डिसेंबर १९८९ ला भिंतीत माणूस जाईल एवढी वाट काढली. त्या दिवसाचे फोटो आहेत. जाड कोट, लोकरीच्या टोप्या, तोंडातून वाफ, आणि एकमेकांच्या गळ्यात पडताना चश्मे वाकडे झालेले. पुढच्या वर्षी १७ जूनला खोदयंत्र आणून भिंत पाडली. शंभरेक मीटर मुद्दाम ठेवली, ती आज आपण तिकीट काढून बघतो.

त्याच ९ डिसेंबरला तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर होफमध्ये दुसरीच मंडळी जमली होती. पूर्व आणि पश्चिमेचे मिळून चारेकशे निसर्गवाले. त्यांच्यात काई फ्रोबेल नावाचा एक तरुण होता. तो शाळकरी वयापासून कोबुर्गकडच्या सीमेवर दुर्बीण घेऊन हिंडायचा, आणि त्याच्या लक्षात आलं होतं की ब्राउनकेलशन नावाचा चिमुकला पक्षी शेतांतून नाहीसा होतोय, पण सीमेच्या पट्ट्यात मजेत आहे. नावाचा अर्थ तपकिरी गळ्याचा. त्याला बसून टेहळणी करायला खांब लागतो आणि घरटं करायला न कापलेलं गवत. शेतकऱ्यांनी गवत कापलं, खांब उपटले. सीमेवर दोन्हीही मुबलक होतं, कारण तिथे पाय टाकला तर गोळी. त्या दिवशी होफमध्ये ठराव झाला की १,३९३ किलोमीटरचा हा पट्टा नांगराखाली जाऊ द्यायचा नाही. त्याला 'हिरवा पट्टा' म्हणतात. आपल्याकडे देवाच्या धाकाने देवराई राहते, इथे पहारेकऱ्याच्या धाकाने राहिली. मला हे वाचून आनंद झाला आणि आनंद झाल्याचं थोडं विचित्रही वाटलं. एका बाजूला लोक चाळीस वर्षांचा नकोसा खांब उपटत होते, आणि थोड्याच अंतरावर दुसरे लोक म्हणत होते, जरा दमानं घ्या, त्यावर पक्षी बसतो.

पण आम्ही गेलो त्या दिवशीची जी गोष्ट मला सर्वांत जास्त आठवते ती पक्ष्याची नाही, यांत्रिक करवतीची आहे. बव्हेरियाच्या बाजूला एका अंगणात कोणीतरी सरपण फोडत होतं, आणि करवत अशी कर्कशत होती की संग्रहालयाच्या काचा झणझणाव्यात. ओढ्यापलीकडे मात्र सामसूम. दारं लोटलेली, एकही ट्रॅक्टर नाही, धुवट कपड्यांतला एक माणूस कुत्र्याला घेऊन सावकाश चाललेला. मला वाटलं पूर्वेचा उदासपणा म्हणतात तो हाच. अशा वेळी मी फार पटकन कविता करते. मग लक्षात आलं, ३१ ऑक्टोबर. ल्युथरचा दिवस, ज्याच्यापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला तो ल्युथर. थुरिंगियात सुट्टी, बव्हेरियात नाही. आणि दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, सगळ्या संतांचा दिवस. बव्हेरियात सुट्टी, थुरिंगियात नाही. सुट्टीच्या दिवशी या देशात गवत कापायचं यंत्र लावलं तरी शेजारी दार वाजवतो. म्हणजे वर्षातले हे दोन दिवस ओढ्याचा एक काठ पवित्र शांततेत आणि दुसरा करवतीवर, आणि दुसऱ्या दिवशी उलट. त्यात गंमत अशी की होफकडचा हा सगळा बव्हेरिया मुळात ल्युथरचाच. त्यांना आपल्या ल्युथरची सुट्टी नाही, आणि ज्या संतांशी त्यांचं फारसं जमत नाही त्यांच्या नावाने मात्र पगारी रजा, कारण राज्य कॅथलिक. भिंत पडली पण सुट्ट्यांची यादी काही एक झाली नाही. आवाज तेवढा भिंत असतानाही पलीकडे जात असणार.

खरं तर याच गोष्टीसाठी मला तिथे थांबायचं होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन पलीकडची करवत ऐकायची होती. पण लेकीचे मोजे ओले झाले होते. तिने चार वेळा ओढा ओलांडला. पहिल्या तीन वेळा उडी मारून, चौथ्यांदा पाण्यातून, मुद्दाम. "आई, आता मी बव्हेरिया. आता मी थुरिंगिया. आता मी मधे." मधे म्हणजे एक बूट इकडे, एक तिकडे, आणि मग त्यातला एक पाण्यात घसरलेला. कुणी काही बोललं नाही. एक बदक तेवढं बाजूला झालं. मला एकाच वेळी तिचा फोटो काढावासा वाटत होता आणि तिला तिथून ओढून बाजूला घ्यावंसं वाटत होतं. लोकांच्या अंगणात, लोकांच्या जखमेवर आपली पोरगी लंगडी खेळते आहे. मग वाटलं, शंभर वर्षं इथली पोरं हेच करत होती की. फोटो काढला. होफला गेल्यावर रस्त्यावरच्या सॉसेजवाल्याकडून गरम सॉसेज घेऊन तिला दिलं. तिथे हे लोक निखाऱ्यावर ठेवलेली पितळी घागर घेऊन उभे असतात, झाकण उघडलं की वाफेचा लोट येतो. ती ओल्या मोज्यांनी ते खात राहिली आणि म्हणाली, "त्या आजीला सफरचंदं खूप होती."

ती आजी म्हणाली, बाई नाही. तेवढ्यावरून मला रात्री झोप लागेना.

पुढचं वर्ष तसंच गेलं. त्याच्या पुढच्या मे महिन्यात पुण्याहून दादा-वहिनी आले. दादाला भिंत बघायची होती. बर्लिन लांब पडतं, म्हटलं चला, घरची भिंत आहे आपल्याकडे. मोहरीच्या जातीची ती पिवळी शेतं सगळीकडे फुललेली, हवेला कोबीसारखा गोडसर वास, आणि सायबेरियाचं नावही काढवणार नाही असं ऊन. दादा भिंतीपाशी बराच वेळ उभा राहिला. आजीसोबत आरोंद्याच्या काठावर माझ्यापेक्षा तोच जास्त बसलाय. त्याने ओढ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, पुन्हा ओढ्याकडे बघितलं. "एवढाच?" म्हणाला. "खाडी तरी होती गं आपली." लेक आता आठ वर्षांची. ती गाडीतच बसून राहिली, कॉमिक संपत आलं होतं म्हणून. हात वगैरे करायच्या वयातून ती बाहेर पडली होती, हे मला त्या क्षणी कळलं.

आणि पलीकडे ती होती. तेच परस, तेच सफरचंदाचं झाड, आता हिरवंगार. बाई दोरीवर चादरी घालत होती, तोंडात दोन चिमटे. ऊन चादरीतून आरपार येत होतं आणि तिची सावली कापडावर मोठी होऊन हलत होती. मी ओढ्याशी गेले. काय करणार होते कुणास ठाऊक. विचारणार होते का, की दीड वर्षापूर्वी तुम्ही माझ्या पोरीला हात का नाही केला? मी आपला हात वर केला. नुसता, खांद्याइतका. बाईने पाहिलं. तोंडातले चिमटे काढून एप्रनच्या खिशात टाकले. चेहऱ्यावर, मला शपथेवर सांगता येईल, राग नव्हता आणि इतिहासही नव्हता. रोज हेच सांगायचं असा वैताग होता, त्याला जरा मायेची कडा होती. तिने हात लांब करून बोटाने माझ्या पाठीमागे, पुलापलीकडे दाखवलं आणि ओढ्यावरून ऐकू येईल अशा मोठ्या, स्पष्ट, बहिऱ्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "टॉयलेटन? द्र्यूबन!"

मी हसले तशी तिला वाटलं मला कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, या वेळी दोन्ही हातांनी.

"काय म्हणतायत?" दादाने मागून विचारलं.

"पलतडी असा म्हणता."

दादा भिंतीला टेकून हसत सुटला. वहिनीला मालवणी कळत नाही, तिने तेवढं बोट पाहिलं होतं. ती केव्हाच पुलावर पोचली होती.